आधी कीर्द, मग खतावणी

गावातल्या दूध संस्थेच्या संकलन केंद्रावर सकाळी साडेसहाला रांग लागलेली असते. कॅन मापात रिकामा होतो, नमुना यंत्रात जातो आणि मोबाइलवर एक ओळ भरली जाते : सभासद क्रमांक ११४, गाय, ६.५ लिटर, फॅट ४.१, एसएनएफ ८.५. ‘नोंदवा’ हे बटण दाबलं की स्क्रीनवर चक्री फिरू लागते. रेंज एका काडीवर आलेली. दहा सेकंदांनी ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’ असा संदेश येतो. मागे माणसं खोळंबलेली, म्हणून नोंदणारा पुन्हा बटण दाबतो आणि या वेळी हिरवी खूण येते. पण पहिली नोंदही गेलेली असते. सर्व्हरने ती लिहून घेतली होती, फक्त ‘मिळाली’ हे उत्तर परत येताना वाटेत हरवलं. दहा दिवसांनी दुधाचा पगार निघतो तेव्हा ११४ नंबरच्या खात्यावर त्या सकाळचे तेरा लिटर दिसतात आणि संस्थेचा हिशेब टँकरने उचललेल्या दुधाशी जुळत नाही.

या ॲपच्या कोडमध्ये रूढ अर्थाने एकही चूक नसेल. विनंती पाठवायची, उत्तर आलं तर हिरवी खूण दाखवायची, नाही आलं तर लाल संदेश. नवशिक्याला बहुतेक ठिकाणी हेच शिकवलं जातं. चूक आहे ती समजुतीत. माणसाने नोंद करणं आणि सर्व्हरने ती मिळाल्याचं कळवणं या दोन वेगळ्या क्रिया आहेत आणि कोडने त्यांची एक गाठ मारली आहे. आपल्याकडच्या जुन्या हिशेबनिसांनी ही गाठ कधीच मारली नाही. व्यवहार झाला की झाला त्या क्रमाने तो रोजकीर्दीत उतरायचा; ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडणं, म्हणजे खतावणी, सवडीने व्हायची. कीर्दीतली ओळ खोडायची नाही, चुकली तर उलटी नोंद टाकायची. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा उभी करता येते. कीर्द गेली तर हाती काही उरत नाही. मोबाइल ॲप लिहिणाऱ्यांनी हीच शिस्त पाळावी, असं माझं म्हणणं आहे. वापरणाऱ्याने केलेली प्रत्येक गोष्ट आधी फोनमधल्या कीर्दीत जावी, आणि जमेल तेव्हा सर्व्हरच्या खतावणीत. पुढची सगळी तंत्रं या एका निर्णयातून निघतात. तो निर्णय न घेता ती सुटी सुटी वापरली तर हिशेबातली भोकं बुजत नाहीत, जागा बदलतात.

१९९४ साली सन मायक्रोसिस्टिम्समधल्या पीटर डॉइच यांनी जाळ्यावर चालणारे प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या भ्रमांची एक यादी केली. त्यातला पहिला भ्रम असा, की जाळं भरवशाचं असतं. तीस वर्षांत जाळी पुष्कळ सुधारली, पण त्या भ्रमाच्या मुळाशी असलेली अडचण वेगाने सुटणारी नाही. उत्तर आलं नाही याचा अर्थ विनंती पोचलीच नाही, असा असू शकतो. पोचली, काम झालं आणि उत्तर हरवलं, असाही असू शकतो. पोचली आहे आणि काम अजून चालू आहे, असाही. फोनच्या बाजूने या तिन्ही गोष्टी हुबेहूब सारख्या दिसतात. अँड्रॉइडवर सर्रास वापरली जाणारी ओकेएचटीटीपी ही लायब्ररी जोडणी, वाचन आणि लेखन या प्रत्येकासाठी मुळात दहा सेकंद थांबते. ते तुम्ही वाढवून तीस केले तरी तिसाव्या सेकंदाला तुमच्या हातात तेच अज्ञान असतं. म्हणून ‘गेली’ आणि ‘गेली नाही’ या दोन अवस्थांवर उभं राहिलेलं ॲप वापरणाऱ्याला कधी ना कधी खोटं सांगणारच. तिसरी अवस्था हवी, ‘लिहिली आहे, पोचल्याचं अजून कळलेलं नाही’ ही. व्हॉट्सॲप वापरणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखीची आहे. निरोप लिहिला की घड्याळाची खूण दिसते, सर्व्हरला पोचला की एक बरोबर, समोरच्या फोनवर उतरला की दोन. रेंज नसताना लिहिलेला निरोप तिथे हरवत नाही, घड्याळ दाखवत थांबतो. यूपीआयच्या ॲपमधली ‘प्रलंबित’ ही अवस्थाही तीच. पैशाच्या व्यवहारात ‘फसला’ असं घाईने सांगितलं तर माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवेल, म्हणून तिथे तिला पर्याय नाही.

आता गावोगाव फोर-जी पोचलं, डेटा स्वस्त झाला, मग हा खटाटोप कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पोचलं हे खरं आहे. पण ॲपला लागते ती अखंड जोडणी, आणि ती शहरातही नसते. लिफ्टमध्ये, तळघरातल्या पार्किंगमध्ये, वायफाय सोडून मोबाइल डेटावर जाण्याच्या क्षणी ती तुटतेच. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळच्या एकट्या करबुडे बोगद्याची लांबी साडेसहा किलोमीटर आहे. गाडी आत शिरताना दाबलेल्या बटणाचं काय होतं, ते बाहेर पडेपर्यंत कळत नाही. गावाकडे वीज गेली की राउटर बंद पडतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे राउटर चालू राहतो आणि त्याच्यामागचं नेट बंद असतं. फोन मात्र ‘वायफाय जोडलेलं आहे’ असंच सांगतो. पाठवण्याआधी ‘नेट आहे का’ हे तपासणारा कोड यासाठीच कुचकामी ठरतो. तपासलं त्या क्षणी होतं, पाठवलं त्या क्षणी नव्हतं. शेतकऱ्याने शिवारात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा, अशी ई-पीक पाहणी महाराष्ट्रात २०२१ पासून राज्यभर चालू आहे. अशा कामात ॲपची जागा टॉवरच्या सोयीने ठरत नाही, पिकाच्या जागेवरून ठरते. शिवाय नेट कितीही चांगलं असलं तरी फोन स्वतःच तुमचं ॲप मधेच बंद करतो, त्याकडे पुढे येतो.

पहिलं काम ओळखक्रमांकाचं. प्रत्येक नोंदीला फोननेच क्रमांक द्यावा, सर्व्हरने देईपर्यंत थांबू नये. त्यासाठी यूयूआयडी वापरतात. त्याच्या चौथ्या आवृत्तीत १२२ बिट यदृच्छ असतात, त्यामुळे हजारो फोनांनी एकमेकांना न विचारता क्रमांक काढले तरी दोन सारखे निघतील ही भीती व्यवहारात धरायची गरज नाही. पण क्रमांक कधी काढायचा, इथे बरेच जण चुकतात. बटण दाबल्यावर काढला तर दोनदा दाबलेल्या बटणाचे दोन क्रमांक होतात आणि आपण जिथून निघालो तिथेच परत येतो. क्रमांक कोरा फॉर्म उघडताना काढावा. मग त्या फॉर्मवरचं बटण किती वेळा दाबलं, पाठवण्याचे किती प्रयत्न झाले, तरी नोंद एकच. सर्व्हरच्या बाजूला त्या स्तंभावर अद्वितीयतेची अट टाकावी. आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने ‘चूक’ असं ओरडू नये. पहिल्या वेळी दिलं होतं तेच यशाचं उत्तर पुन्हा द्यावं. फोनला एवढंच कळायला हवं असतं की नोंद सुखरूप आहे. एचटीटीपीमध्ये पुट आणि डिलीट या क्रिया पुन्हा केल्या तरी परिणाम तोच राहावा अशी अपेक्षा असते, पोस्टबद्दल तशी हमी नाही. तेव्हा नव्या नोंदीसाठीही फोनने दिलेल्या क्रमांकावर पुट करणं अधिक सरळ, आणि पोस्टच वापरायचं असेल तर क्रमांक सोबत पाठवणं सक्तीचं.

कीर्द ठेवायची कुठे, याचं उत्तर दोन्ही फोनांत आधीच बसवलेलं आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली लिहिलेलं एसक्यूलाइट अँड्रॉइडमध्येही आहे आणि आयफोनमध्येही. अँड्रॉइडवर त्याच्या वर रूम ही लायब्ररी घ्यावी. सेटिंग साठवण्याच्या शेअर्ड प्रेफरन्सेसमध्ये सगळी यादी एका लांबलचक जेसनच्या रूपाने कोंबण्याची सवय मात्र सोडावी. एक नोंद वाढली की ती अख्खी फाइल नव्याने लिहावी लागते, आणि अर्धवट बदल मागे घेण्याची सोय तिथे नाही. टेबलं दोन करायची, एक नोंदींचं आणि दुसरं जावकाचं. कार्यालयातल्या जावक वहीसारखंच याचं काम : कोणती नोंद पाठवायची आहे, कितवा प्रयत्न, शेवटचं उत्तर काय आलं. नोंद आणि तिची जावक ओळ या दोन्ही एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहाव्यात. नाहीतर नोंद झाली पण जावकात चढली नाही, अशी अनाथ ओळ तयार होते, आणि तिचा पत्ता महिन्यांनी, तोही भांडणातून लागतो. सर्व्हरने पोच दिल्याशिवाय जावक ओळ काढायची नाही. बटण दाबल्यावर हे सगळं काही मिलिसेकंदांत होतं. नोंदणाऱ्याच्या हातात पावती पडते आणि रांग पुढे सरकते.

पाठवण्याचं काम अँड्रॉइडवर वर्कमॅनेजरकडे द्यावं. ॲप बंद झालं, फोन पुन्हा चालू केला, तरी सोपवलेलं काम तो विसरत नाही. इथे एक खाच आहे, आणि ती अनुभवी लोकांच्याही पायात येते. एकाच वेळी दोन प्रेषक धावू नयेत म्हणून काम एका नावाने नोंदवतात आणि ‘आधीचं असेल तर तेच राहू दे’ हा कीप पर्याय निवडतात. समजा, प्रेषकाने जावक रिकामं असल्याचं नुकतंच पाहिलं आहे आणि तो संपण्याच्या बेतात आहे. नेमक्या त्याच क्षणी नवी नोंद येते, ‘आधीचं काम चालू आहे’ म्हणून नवं काम नाकारलं जातं, आणि ती नोंद पुढचं कुणी हलवेपर्यंत पडून राहते. म्हणून आधीच्या कामाच्या शेपटाला नवं जोडणारा ॲपेंड-ऑर-रिप्लेस हा पर्याय घ्यावा. शिवाय झाडलोट म्हणून एक ठरावीक वेळाने चालणारं काम ठेवावं. त्याचं कमीत कमी अंतर पंधरा मिनिटं असतं. ॲप उघडल्यावरही एकदा जावक तपासावं, कारण बॅटरी वाचवण्यासाठी मागची कामं फार सक्तीने बंद करणारे फोन बाजारात पुष्कळ आहेत. आयफोनवर आयओएस १३ पासून पार्श्वभूमीतली कामं नोंदवण्याची सोय आहे, पण ती कधी चालवायची हे फोन ठरवतो, आणि वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून घालवलं की तीही थांबतात. तिथेही भरवसा कीर्दीचाच.

फसलेला प्रत्येक प्रयत्न सारखा नसतो. उत्तर आलं नाही, किंवा सर्व्हरने ५०० च्या घरातला आकडा दिला, तर थांबून पुन्हा पाठवावं. ४०० किंवा ४२२ आला तर नोंदीतच दोष आहे. ती हजार वेळा पाठवली तरी जाणार नाही. ती बाजूला काढून माणसासमोर ठेवावी, नाहीतर एक सडकी ओळ जावकाच्या तोंडाशी अडकते आणि मागच्या सगळ्या चांगल्या नोंदी तुंबतात. ४०१ म्हणजे ओळखपत्र संपलं, ते नवं घ्यावं. ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या, असं सर्व्हर सांगतो आहे. किती वेळाने यायचं हे तो सांगत असेल तर ऐकावं. दोन प्रयत्नांमधलं अंतर दर वेळी दुप्पट करत न्यावं. वर्कमॅनेजर मुळात तीस सेकंदांपासून सुरुवात करतो आणि पाच तासांच्या पुढे जात नाही. त्या अंतरात थोडा यदृच्छपणा मिसळणंही गरजेचं आहे. तालुक्याची वीज एकाच वेळी आली तर दोनशे केंद्रांचे फोन एकाच क्षणी जागे होतात. सगळे एकाच तालावर पाठवू लागले तर नुकता उभा राहिलेला सर्व्हर पुन्हा आडवा होतो.

फोन ॲप मधेच बंद करतो, ते कसं, याकडे आता जरा जवळून पाहू. फॉर्म अर्धा भरला आहे आणि कॅनचा फोटो घ्यायचा म्हणून कॅमेरा उघडला. दोन-तीन जीबी रॅमच्या फोनवर कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून अँड्रॉइड मागचं ॲप मेमरीतून काढून टाकतो. फोटो काढून माणूस परत येतो तेव्हा ॲप पुन्हा जन्माला आलेलं असतं आणि फॉर्म कोरा असतो. व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलेली माहिती फोन आडवा केल्यावर टिकते, पण अशा मृत्यूत टिकत नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे पुष्कळ ॲप वापरणाऱ्यांना छळतात. ती माहिती सेव्ह्ड स्टेटमध्ये ठेवता येते, पण तिथे जागा तोकडी असते. ती ज्या वाटेने जाते त्या वाटेची मर्यादा सगळी मिळून एक एमबी आहे, आणि फोटो किंवा मोठी यादी कोंबली तर ॲप कोसळतं. कीर्दीचा निर्णय घेतलेला असेल तर मार्ग सरळ आहे. फॉर्म उघडताच डेटाबेसमध्ये कच्ची ओळ तयार करावी, प्रत्येक रकाना भरला की ती अद्ययावत करावी, आणि सेव्ह्ड स्टेटमध्ये फक्त तिचा क्रमांक ठेवावा. ‘नोंदवा’ दाबलं की कच्ची ओळ पक्की होते आणि जावकात चढते. आधी काढलेला तो क्रमांक इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडतो.

स्क्रीनने काय दाखवावं, हेही यावरूनच ठरतं. स्क्रीन सर्व्हरचं उत्तर कधीच थेट दाखवत नाही, टेबलाकडे पाहत राहतो. सर्व्हरकडून आलेली माहितीही आधी टेबलात पडते आणि टेबल बदललं की रूम आपणहून नवी यादी स्क्रीनला देतो. नोंद दोन ठिकाणी दोन तऱ्हेची दिसणं यामुळे थांबतं. मुख्य थ्रेडवर डेटाबेसचं काम करू नये; रूम तर मुळातच ते करू देत नाही. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या स्क्रीनला एका चित्रासाठी सुमारे सोळा मिलिसेकंद मिळतात, आणि बोट लागल्यानंतर पाच सेकंद ॲपने दाद दिली नाही तर ‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी अँड्रॉइडच झळकवतो.

कीर्दीत काय लिहायचं, याबाबत मराठी वापरणाऱ्यांसाठी ॲप बनवणाऱ्यांनी विशेष सावध राहावं. फोनची भाषा मराठी असेल तर जावा किंवा कोटलिनमधलं साधं स्ट्रिंग-फॉरमॅट आकडे देवनागरीत लिहून देऊ शकतं. स्क्रीनवर ते शोभतं, पण तीच अक्षरमाला सर्व्हरला गेली तर तो गोंधळतो. इंग्रजीत ठेवलेल्या फोनवर हा दोष कधीच दिसणार नाही. उलट बाजूने, मराठी कीबोर्डवरून कुणी ‘६.५’ टाइप केलं तर पूर्णांक वाचणारं जावाचं पार्स-इंट देवनागरी अंक समजून घेतं, पण दशांश वाचणारं पार्स-डबल कोसळतं. म्हणजे गाईंची संख्या भरताना सगळं सुरळीत, लिटर भरताना ॲप बंद. यंत्रासाठी लिहिताना लोकॅल रूट असं स्पष्ट सांगावं आणि माणसाकडून घेताना देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत. दशांशाच्या भानगडीत तर पडूच नये. डबल प्रकारात ०.१ दहा वेळा मिळवलं तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. दूध मिलिलिटरमध्ये, पैसे पैशांमध्ये, दोन्ही पूर्णांक : ६.५ लिटर म्हणजे ६५००. लावलेला दरही नोंदीतच लिहून ठेवावा, कारण आठ दिवसांनी दरपत्रक बदललं तरी त्या सकाळचा भाव बदलत नाही. वेळेचंही तसंच. फोनचं घड्याळ कुणीही मागेपुढे करू शकतं, म्हणून क्रम लावायला फोनमधला चढता अनुक्रमांक वापरावा, सकाळ की संध्याकाळ हे वेगळ्या रकान्यात लिहावं आणि सर्व्हरने आपली पोचवेळ स्वतंत्र नोंदवावी.

या रीतीवर गंभीर आक्षेप आहेत. पहिला संघर्षाचा. दोन फोनांनी एकच नोंद रेंजबाहेर असताना बदलली तर खरी कोणती? ज्याची वेळ नंतरची ती खरी, असं ठरवणं सोपं वाटतं, पण घड्याळांवर विसंबता येत नाही हे आत्ताच पाहिलं, आणि या नियमात एकाचं काम गुपचूप पुसलं जातं. माझ्या मते बहुतेक ॲपांना हा प्रश्न दिसतो तेवढा मोठा नसतो, कारण दूध घातलं, हप्ता भरला, हजेरी लागली, या घटना आहेत. घटना बदलत नाहीत, वाढत जातात. कीर्दीत दुरुस्ती म्हणजे उलटी नोंद आणि नवी नोंद. त्या दोन्ही टिकतात आणि कुणी काय केलं ते दिसतं. सभासदाचा पत्ता किंवा फोन नंबर अशा खरोखर बदलणाऱ्या गोष्टींना आवृत्ती क्रमांक द्यावा. सर्व्हरवरचा क्रमांक पुढे गेलेला असेल तर त्याने ४०९ देऊन नवी प्रत परत करावी आणि निर्णय माणसाला घेऊ द्यावा. दोघांनी एकाच वेळी एकाच मजकुरात टंकावं असं ॲप असेल तर मात्र प्रकरण अवघड होतं, आणि त्यासाठीची तंत्रं वेगळी आहेत.

दुसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे : सगळ्याच गोष्टी फोनमध्ये पक्क्या होऊ शकत नाहीत. नाटकाच्या तिकिटाची खुर्ची एकच असते, खात्यातली शिल्लक बँकेलाच ठाऊक असते. तिथे फोनमधली ओळ हा नुसता अर्ज असतो, मंजुरी सर्व्हरची. पण अर्जालाही क्रमांक लागतो, त्याचीही जावक ओळ लागते आणि ‘कळलेलं नाही’ ही अवस्था तिथे अधिकच लागते. फरक शब्दांत पडतो : दुधाच्या नोंदीला ‘नोंद झाली’ म्हणता येतं, खुर्चीला ‘विनंती पाठवली’ एवढंच.

छोट्या गटाला एवढं परवडत नाही, फायरस्टोरसारखी तयार सेवा घेतली की झालं, असंही म्हटलं जातं. फायरस्टोर अँड्रॉइड आणि आयफोनवर रेंज नसताना लिहिलेलं सांभाळून ठेवतं हे खरं आहे, आणि पुष्कळ ॲपांना ते पुरतंही. पण त्याची ट्रान्झॅक्शन रेंज नसताना चालत नाहीत. फॉर्म उघडताना क्रमांक काढणं, कच्ची ओळ, सडक्या नोंदी बाजूला काढणं, दर नोंदीतच लिहिणं हे निर्णयही कोणतीही सेवा तुमच्या वतीने घेत नाही. फ्लटर घ्या, रिॲक्ट नेटिव्ह घ्या, ते तुमचेच. खर्चाचं म्हणाल तर दोन टेबलं, एक प्रेषक आणि सर्व्हरवर अद्वितीयतेची एक अट, एवढाच मूळ ऐवज आहे. सुरुवातीला तो थोड्या दिवसांत उभा राहतो. ॲप हजारो फोनांत गेल्यावर तेच करायला निघालात तर जुन्या नोंदींना क्रमांक कुठून आणायचे, इथूनच अडतं.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि त्याला अर्धंच उत्तर आहे. फोनमध्ये माहिती साठली की फोन चोरीला जाण्याबरोबर ती जाते. म्हणून काम भागेल तेवढीच साठवावी, पोच मिळालेल्या जुन्या नोंदी काढत जाव्यात, गुप्त किल्ल्या अँड्रॉइडच्या कीस्टोरमध्ये किंवा आयफोनच्या कीचेनमध्ये ठेवाव्यात. पण न पोचलेली नोंद फोनबरोबर हरवली तर ती हरवली. ते टाळता येत नाही, लपवू मात्र नये. ‘७ नोंदी पाठवायच्या बाकी’ हा आकडा स्क्रीनच्या माथ्यावर कायम दिसावा, आणि बाकी असताना कुणी लॉगआउट करत असेल तर त्याला थांबवून विचारावं.

याच जातीचा एक धोका खुद्द कोड लिहिणाराच निर्माण करतो. टेबलाची रचना बदलली की रूमला जुन्यातून नव्यात जायची वाट सांगावी लागते. तो त्रास नको म्हणून ‘जमलं नाही तर सगळं पुसून नव्याने बनव’ अशी एक ओळ टाकायची सोय आहे, आणि नमुन्याच्या कोडमध्ये ती सर्रास दिसते. फोनमधली माहिती ही सर्व्हरची नुसती नक्कल असेल तर त्याने फार बिघडत नाही. पण कीर्द फोनमध्ये आहे म्हटल्यावर ती एक ओळ प्रत्येक केंद्राची न गेलेली जावक वही जाळून टाकते, तेही ॲप अद्ययावत केल्याच्या क्षणी. ती कोडमध्ये असेल तर आज काढा. प्रत्येक जावक ओळीवर मजकुराच्या साच्याचा आवृत्ती क्रमांकही लिहा. एखादा फोन तीन आठवडे कपाटात पडून राहील आणि मग जुन्या साच्यातल्या चाळीस नोंदी पाठवेल. सर्व्हरने त्या नाकारल्या तर दोष सर्व्हरचा.

चाचणी घेताना विमान मोड चालू करून पाहणं पुरेसं नाही, ती सगळ्यात सोपी परिस्थिती आहे. अवघड ती सुरुवातीला सांगितलेली : विनंती पोचावी, काम व्हावं आणि उत्तर येऊ नये. ओकेएचटीटीपीसोबत मिळणाऱ्या मॉकवेबसर्व्हरला विनंती घेऊन उत्तर न देता जोडणी तोडायला सांगता येतं. पण तो खोटा सर्व्हर आहे, तुमच्या डेटाबेसमध्ये काही लिहीत नाही. म्हणून चाचणीच्या सर्व्हरवरही एक कळ ठेवा, जी नोंद लिहून घेईल आणि दर तिसऱ्या वेळी उत्तर गिळून टाकेल. मग शंभर नोंदी पाठवा आणि टेबलातल्या ओळी मोजा. शंभराला एकही कमी नको आणि एकही जास्त नको. ॲप मागे टाकून ॲडबीच्या ‘ॲम किल’ आज्ञेने प्रक्रिया मारा आणि फॉर्म परत येतो का पाहा. डेव्हलपर पर्यायांतलं ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ हे बटण प्रक्रिया मारत नाही, त्यामुळे स्थिर चलांत दडलेली माहिती जिवंत राहते आणि चाचणी फसवी होते. फोनची भाषा मराठी करा, घड्याळ दोन दिवस मागे न्या, साठवण भरून टाका.

ॲप आधीच लोकांच्या हातात असेल तर सगळं एकदम बदलायला जाऊ नका. पहिल्या अद्ययावत आवृत्तीत फक्त क्रमांक पाठवायला लागा. जुना सर्व्हर तो दुर्लक्षित करेल, कुणाचं काही अडणार नाही. मग सर्व्हरवर तो साठवा आणि अद्वितीयतेची अट लावा, पण क्रमांक रिकामा असलेल्या जुन्या ॲपच्या नोंदी त्यातून वगळून. दुबार नोंदी एवढ्यानेच कमी होऊ लागतात. त्यानंतर जावकाचं टेबल आणा, आणि तेही एकाच स्क्रीनपुरतं. जिथे रांग लागते आणि जिथे पैशाचा संबंध आहे तो आधी घ्या, म्हणजे इथे दूध नोंदीचा. सभासदांची यादी आणि दरपत्रक पुढच्या महिन्यात आलं तरी चालतं.